आकाशातला दिवा आणि गावाबाहेरचा माणूस

उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यात, ऊंचाहारच्या परिसरात, २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्याच रात्री जमावाने एका माणसाला मारून टाकले. हा माणूस शेजारच्या फतेहपूर जिल्ह्यातला, वाल्मीकी समाजाचा, सासरवाडीला निघालेला. त्याचा अपराध एवढाच की तो रात्रीच्या वेळी, ओळखदेख नसलेल्या गावाजवळून चालला होता आणि 'तू कोण, कुठला' या प्रश्नाला जमावाचे समाधान होईल असे उत्तर त्याला देता आले नाही. त्या भागात कित्येक आठवडे एक अफवा फिरत होती. चोरांच्या टोळ्या रात्री ड्रोन उडवतात, कोणाच्या घरात काय आहे ते वरून पाहतात आणि मग दरोडा घालतात, अशी ती अफवा. वर दिसलेला दिवा कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण खाली सापडलेला माणूस मात्र 'ड्रोनवाला चोर' ठरला. दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीसाठी लाखोंचा जनसमुदाय जमला होता. त्याच दिवशी तिकडे रायबरेलीत या माणसाचे प्रेत उचलले जात होते.

पुढे अटका झाल्या, काही पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, पुढारी भेटून गेले. मारणाऱ्यांना त्याची जात माहीत होती की नव्हती, यावर वादही झाला. आम्हाला त्या वादात शिरायचे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. अफवा आकाशातल्या यंत्राची होती, मग काठी जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यात का पडली? आणि अशी काठी पडते तेव्हा ती सापडेल त्याच्या डोक्यात पडते, की नेहमीच्याच डोक्यांत?

'ते उत्तर प्रदेशात झाले, आपला महाराष्ट्र पुरोगामी आहे' असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे या जिल्ह्यांतील गावोगाव रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या येत होत्या. गावकरी काठ्या घेऊन गस्त घालत होते. वाडीवस्तीवरची माणसे रात्र रात्र जागत होती. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही हा विषय गाजला. अंतरवाली सराटीवर ड्रोनने टेहळणी होत असल्याचा आरोप विरोधी पक्षाने केला. पोलीस लोकांना 'घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सांगत राहिले. पण दिसतेय ते नेमके काय आहे, कोणाचे आहे, कोणाच्या परवानगीने आहे, हे चावडीवर येऊन कोणी समजावून सांगितले? जिथे माहिती पोहोचत नाही तिथे अफवा पोहोचते, आणि तिला रस्ता विचारावा लागत नाही.

हा सारा खेड्यापाड्यातल्या अडाणी माणसांचा खेळ आहे, असे शहरातल्या शिकल्या-सवरल्यांना वाटत असेल तर त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सी या श्रीमंत राज्यात रात्री ड्रोन दिसू लागल्याची हाकाटी सुरू झाली. पाहता पाहता एफबीआय या तपास यंत्रणेकडे पाच हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतल्या शंभराहून कमी तक्रारी पुढे तपास करण्याजोग्या निघाल्या. १६ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या गृहसुरक्षा, संरक्षण, हवाई वाहतूक आणि तपास या चारही खात्यांनी मिळून निवेदन काढले. लोकांनी पाहिले त्यांत कायदेशीर व्यावसायिक ड्रोन होते, हौशी लोकांचे ड्रोन होते, पोलिसांचे ड्रोन होते, नेहमीची विमाने आणि हेलिकॉप्टरे होती, आणि चक्क आकाशातले तारे होते! मेरीलँड राज्याचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी आपल्या घरावरच्या 'ड्रोन'चे चित्रण जगाला दाखवले. जाणकारांनी लगेच दाखवून दिले की तो मृग नक्षत्राचा तारकासमूह आहे. ज्या मृगाकडे पाहून आपल्याकडचा निरक्षर शेतकरीही रात्रीचा अंदाज बांधत आला, ते मृग एका माजी राज्यप्रमुखाला ओळखता आले नाही. तेव्हा अडाणीपणाचा शिक्का मारायचा तर तो कोणावर मारायचा, याचा आधी विचार व्हावा.

डोळे का फसतात, हेही समजून घेतले पाहिजे. काळोखात एकटा प्रकाशबिंदू बराच वेळ पाहत राहिलो तर तो हलतोय असा भास होतो. शुक्र आणि गुरू हे ग्रह क्षितिजाजवळ इतके ठळक दिसतात की ढग सरकले तरी ग्रहच पळतोय असे वाटते. आपल्या दिशेने उतरणारे विमान, त्याचा पुढचा दिवा थेट डोळ्यांवर येत असल्याने, कितीतरी वेळ एका जागी टांगल्यासारखे दिसते. विमानाच्या डाव्या पंखाला तांबडा आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो, शिवाय लुकलुकणारे दिवे वेगळे. अलीकडे स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यानंतर काही दिवस दिव्यांची माळच आकाशातून सरकताना दिसते. उलट लग्नात वापरतात तसला कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन एका बॅटरीवर साधारण वीस ते चाळीस मिनिटे उडतो, आणि जवळ आला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी त्याची घरघर ऐकू येते. रात्रभर, आवाज न करता, एकाच जागी तळपणारा दिवा हा असला ड्रोन नसतो. मग प्रत्येक दिसलेला दिवा ड्रोन नसतोच, असे आम्ही म्हणतो काय? तसे मुळीच नाही. काही दिवे ड्रोनचे असतातच. पण ते कोणाचे, हे ठरवायला नियम आहेत. आणि हे नियमच आपल्या लोकांपर्यंत पोहोचलेले नाहीत.

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' लागू केले. त्यांत वजनावरून पाच प्रकार आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २५० ग्रॅम ते २ किलोचा मायक्रो, २ ते २५ किलोचा छोटा, २५ ते १५० किलोचा मध्यम आणि त्यावरचा मोठा. ड्रोनची नोंदणी करून त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मोटारगाडीला नंबर असतो तसा. चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण अशी अट आहे. नॅनो ड्रोनला आणि धंद्यासाठी न वापरलेल्या मायक्रो ड्रोनला मात्र चालकाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आकाशाचेही तीन रंग केलेले आहेत. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. देशाचा फार मोठा भाग, विशेषतः विमानतळापासून दूरचा ग्रामीण भाग, या हिरव्या पट्ट्यात येतो. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मोकळीक २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या टापूत, तसेच वरील मर्यादांच्या वर गेले तर, पिवळा पट्टा लागतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. याशिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांपुरता तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. हा सगळा नकाशा सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर आहे. मोबाईल हातात असलेल्या कोणाही तरुणाला तो पाहता येतो.

आता या नियमांच्या उजेडात गावातले गैरसमज तपासू. पहिला गैरसमज : 'ड्रोन म्हणजे बेकायदेशीर.' गाव हिरव्या पट्ट्यात असेल, ड्रोन नोंदलेला असेल आणि ४०० फुटांच्या आत असेल तर तो उडवणे हा गुन्हा नाही. दुसरा : 'माझ्या शेतावरचे आकाश माझे, तेव्हा वर आले ते मी पाडणार.' सातबारा जमिनीचा असतो. आकाशातल्या वाहतुकीचे नियम केंद्र सरकार ठरवते. दगड मारून किंवा बंदूक झाडून ड्रोन पाडायला निघालेला माणूस स्वतःवर गुन्हा ओढवून घेतो. वर गेलेला दगड आणि तुटलेले यंत्र कोणाच्या तरी डोक्यावर पडते, हे वेगळेच. न्यू जर्सीत लोकांनी ड्रोन समजून विमानांवर लेझरचे झोत मारले आणि वैमानिकांचे डोळे दिपू लागले. शेवटी तिथल्या यंत्रणांना लोकांना ताकीद द्यावी लागली. तिसरा गैरसमज याच्या नेमका उलटा : 'नियम साहेबांसाठी असतात, आपण काय विचारणार?' आमचे म्हणणे असे की विचारले पाहिजे. ड्रोन कोणाचा, त्याचा ओळख क्रमांक काय, हे पोलीस ठाण्यात लेखी विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. या नियमांत खासगीपणाला वेगळे प्रकरण नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिलेला आहे. आपल्या न्हाणीघरावर कोणी कॅमेरा रोखला तर त्याविरुद्ध कायद्याचा रस्ता आहे. तो रस्ता काठीचा नाही.

चौथा गैरसमज सर्वांत घातक : 'ड्रोन दिसला म्हणजे चोर आले, आणि चोर म्हणजे अनोळखी माणूस.' इथे आकाश संपते आणि जात सुरू होते. गावाला अनोळखी कोण असतो? तालुक्याहून मोटारीने आलेला साहेब अनोळखी नसतो. त्याला खुर्ची मिळते. अनोळखी असतो तो पाल टाकून राहणारा, झोळी घेऊन हिंडणारा, गायरानाच्या कडेला चूल मांडणारा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण गावच्या चावडीवर तो रद्द झाल्याचे अजून कोणी वाचून दाखवलेले नाही. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही रीत आजही चालू आहे. पूर्वी ती चोरी झाल्यावर चाले. आता वर दिवा दिसला तरी पुरतो.

राईनपाडा आपण विसरलो काय? धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. ज्या इमारतीवर लोकशाहीची पाटी होती, तिथेच! तेव्हा ड्रोन नव्हता, मोबाईलवर फिरलेली अफवा होती. पालघरच्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा बळी घेतला. तिथे मारणारे आणि मरणारे वेगळे होते. म्हणून आम्ही त्याचा निषेध कमी करणार नाही. अफवा हाताशी येईल त्याला गिळते. पण तिच्या हाताशी सर्वांत आधी कोण येते, हे पाहिले की समाजाची रचना उघडी पडते.

याची तुलना एका विलायती घटनेशी करून पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेने बंद पडला. सुमारे एक हजार विमानफेऱ्या आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. नाताळच्या तोंडावर झालेल्या या गोंधळाने सारा देश संतापला होता. पोलिसांनी संशयावरून एका जोडप्याला पकडले आणि सुमारे ३६ तासांनी निर्दोष म्हणून सोडले. वृत्तपत्रांनी त्यांची अब्रू वेशीवर टांगली होती. पण त्यांनी दावा लावला आणि २०२० मध्ये पोलिसांना भरपाई व न्यायालयीन खर्च मिळून दोन लाख पौंड मोजावे लागले. खरा ड्रोनवाला कधीच सापडला नाही. संशय तिथेही होता, चूक तिथेही झाली. पण त्या जोडप्याला कोठडी मिळाली, वकील मिळाला, न्यायालय मिळाले. रायबरेलीच्या रस्त्यावर चाललेल्या वाल्मीकीला यांतले काय मिळाले? ड्रोन दोन्हीकडे न सापडलेलाच. माणसाची किंमत मात्र दोन्हीकडे सारखी नाही.

या सगळ्यात सरकारची जबाबदारी टळत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर पाकिस्तानी ड्रोन पाडले गेल्याच्या बातम्या वाहिन्यांनी रात्रंदिवस दाखवल्या. त्यानंतर सामान्य माणसाला ड्रोन हे शत्रूचेच हत्यार वाटू लागले तर त्यात त्याचा काय दोष? ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी ड्रोनच्या नावाने भीती पसरवणाऱ्यांवर गुंडाविरोधी कायदा, वेळ पडल्यास राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्याचा इशारा दिला. दोन महिन्यांच्या आत माणूस मेलाच. कडक कायद्याच्या घोषणेने अफवा मरत नाही, माहितीने मरते.

आणि माहिती देण्याजोगी भरपूर आहे. २४ एप्रिल २०२० पासून 'स्वामित्व' योजनेखाली भारतीय सर्वेक्षण विभाग आणि भूमी अभिलेख खाते गावठाणांची ड्रोनने मोजणी करत आले आहे. घरांच्या हद्दी आधी चुन्याने आखायच्या आणि मग दिवसाउजेडी वरून छायाचित्रे घ्यायची, अशी ती पद्धत. तेव्हा जिथे चुन्याच्या रेघा नाहीत आणि रात्र आहे, तिथे मोजणीचा ड्रोन नाही, एवढे तरी प्रत्येक गावाला कळले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महिला बचत गटांना १५ हजार फवारणी ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. फवारणीचा ड्रोन पिकाच्या डोक्यावरून, हाताच्या अंतरावर उडतो. गावाच्या छपरांवर नाही. शिवाय १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर पोलिसांचे ड्रोन आपल्या डोक्यावर घिरट्या घालतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणजे ड्रोन सरकारचेही आहेत, शेतकऱ्यांचेही आहेत, लग्नातल्या छायाचित्रकाराचेही आहेत. मग ते कधी, कुठे, कशासाठी उडणार, हे आधी दवंडी देऊन सांगायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्याही सरकारी ड्रोन मोजणीची वा टेहळणीची पूर्वसूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाबाहेरच्या प्रत्येक वस्तीत लागली पाहिजे. ड्रोन दिसल्याची तक्रार आली तर पोलिसांनी नोंदणी तपासून ४८ तासांत लेखी उत्तर द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. तो अधिकारी कोण, हे जिल्ह्यातल्या भटक्या वस्तीला माहीत असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जात, समाज, जन्मस्थान यांसारख्या कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा आहे. राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला हे कलम अमलात आले. ते पुस्तकात पडून राहू नये. अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

पण सारे सरकारवर ढकलून आंबेडकरी समाजाला मोकळे होता येणार नाही. गस्तीच्या जमावात आपलीही पोरे असतात. अफवेचा संदेश पुढे ढकलणारा अंगठा आपलाही असतो. ऐकीव गोष्टीला ती ऐकीव आहे एवढ्यासाठी मानू नका, परंपरेने आली एवढ्यासाठी मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. तो उपदेश विहारात ऐकायचा आणि रात्री बाहेर येऊन मोबाईलवरच्या मजकुरावर काठी उचलायची, हे एकत्र कसे जमणार? संविधानाच्या कलम ५१ क नेही वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीचे वरून चित्रण करणारी मुले आता आपल्या वस्त्यांत तयार झाली आहेत. ड्रोन कसा उडतो, त्याची घरघर किती लांबून ऐकू येते, बॅटरी किती पुरते, नोंदणी कशी होते, हे त्यांना कोणत्याही पोलीस पाटलापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी आपले ज्ञान चावडीवर आणावे. एका संध्याकाळी गावातल्या सगळ्या लोकांना जमवून ड्रोन उडवून दाखवावा, शुक्र दाखवावा, मृग दाखवावे, मोबाईलवर गावाचा पट्टा कोणत्या रंगाचा आहे ते दाखवावे. आणि गावात कधी अशी रात्र आलीच, की वर काहीतरी लुकलुकते आहे आणि खाली कोणी अनोळखी माणूस जमावाच्या घेऱ्यात सापडला आहे, तर त्या माणसाच्या आणि काठीच्या मध्ये सर्वांत आधी आपला कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे. त्याने ११२ वर फोन लावावा, त्या माणसाला पाणी द्यावे, पोलिसांच्या ताब्यात देईपर्यंत हलू नये. दिव्याचा छडा दुसऱ्या दिवशी सकाळीही लागेल, मेलेला माणूस मात्र सकाळी उठणार नाही.